गाडीच्या मागे बाईक न्यायची? कॅरिअर घेण्याआधी हे पाच आकडे लिहा



गेले काही महिने व्हिडिओंखाली एक प्रश्न सारखा येतोय. "सर, अमेरिकेतल्या व्हिडिओत कारच्या मागे लोखंडी कॅरिअर लावून त्यावर अख्खी बाईक उभी करून नेतात. तसं कॅरिअर माझ्या बोलेरोला बसवलं तर गॅरेजची पिक-अप सर्व्हिस सुरू करता येईल का? कोणतं कॅरिअर घेऊ?"

प्रश्न चांगला आहे. विचारणारा माणूस धंद्याच्या दिशेनं विचार करतोय. गाडी दारात आहे, हप्ता नाही, फक्त मागे एक वस्तू जोडायची आणि बंद पडलेली बाईक गिऱ्हाईकाच्या दारातून उचलून आणायची. कागदावर हे फार स्वस्त दिसतं. पण "कोणतं कॅरिअर" हा यातला शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी पाच आकडे लिहायचे, मग विमा पॉलिसीतलं एक पान वाचायचं, मग एक वही भरायची. हे तिन्ही झालं की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. माझं स्वतःचं टू-व्हीलर स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, समोर रोज गॅरेजवाले उभे असतात, म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेतो.

आधी वस्तू समजून घ्या

अमेरिकेत पिक-अप ट्रक आणि मोठ्या एसयूव्हीच्या मागे, चेसीला बोल्टने घट्ट बसवलेली एक लोखंडी चौकट असते. तिला हिच म्हणतात. तिच्या मधोमध एक चौकोनी पोकळ नळी असते, तो रिसीव्हर. कॅरिअरचा दांडा या नळीत सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. दांड्याच्या टोकाला, गाडीला आडवी, एक लांब पन्हळीसारखी पट्टी असते. बाईक रॅम्पवरून तिच्यात चढवायची आणि पट्ट्यांनी बांधायची. ट्रेलरसारखी याला स्वतःची चाकं नाहीत. म्हणजे बाईकचं सगळं वजन गाडीच्या पाठीवर लटकलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित यावरच आहे.

तिकडे हिचचे वर्ग ठरलेले आहेत. क्लास १ आणि क्लास २ची नळी सव्वा इंची. क्लास ३ची नळी २ इंची. नळीवर उभं, खाली दाबणारं वजन किती चालेल याची सर्वसाधारण मर्यादा क्लास १ला २०० पाउंड, म्हणजे सुमारे ९० किलो. क्लास २ला ३५० पाउंड, म्हणजे सुमारे १५८ किलो. क्लास ३ला ८०० पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६२ किलो. बाईकचं कॅरिअर बहुतेक वेळा २ इंची नळीसाठीच बनवलेलं असतं, त्याचं कारण हेच.

पाच आकडे

वहीचं एक पान घ्या आणि एकाखाली एक लिहा.

पहिला आकडा: एकूण ओझं. बाईकचं पेट्रोलसकट वजन, अधिक कॅरिअरचं स्वतःचं वजन, अधिक रॅम्प. होंडा अॅक्टिव्हा सुमारे १०६ किलो. हिरो स्प्लेंडर सुमारे ११२ किलो. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलो. स्टीलचं कॅरिअर आणि रॅम्प मिळून सहज ४५ किलो भरतं, अॅल्युमिनियमचं बरंच हलकं. म्हणजे क्लासिक न्यायची तर २४० किलो धरा. बरेच जण फक्त बाईकचं वजन मोजतात आणि कॅरिअरचं विसरतात.

दुसरा आकडा: गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेली मर्यादा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान असतं. काय ओढता येईल आणि हिचवर किती उभं वजन चालेल, ते तिथे लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये टोइंग करू नका असं लिहिलं असेल, तर तुमचा दुसरा आकडा शून्य.

तिसरा आकडा: हिचची मर्यादा, त्याच्यावरच्या पट्टीवर छापलेली.

चौथा आकडा: कॅरिअरची मर्यादा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती हीच, साधारण ४०० ते ६०० पाउंड.

पाचवा आकडा: मागच्या एक्सलची आणि टायरची मर्यादा. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे एक नंबर असतो, तो लोड इंडेक्स. उदाहरणार्थ ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. गाडीचं स्वतःचं मागच्या बाजूचं वजन, बसलेली माणसं, सामान आणि हे लटकलेलं ओझं, सगळं मिळून या मर्यादेत बसायला हवं.

आता नियम एकच. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या आकड्यांत जो सगळ्यात लहान, तो खरा. बाकीचे कितीही मोठे असू देत.

उदाहरण घ्या. अमेरिकेतली होंडा सीआर-व्ही १,५०० पाउंड ओढू शकते. हिचवरचं उभं वजन त्याच्या १० टक्के धरलं, तर १५० पाउंड, म्हणजे ६८ किलो. आता या गाडीला कोणी ६०० पाउंडांचं कॅरिअर आणून लावलं, तरी मर्यादा ६८ किलोच राहते. आपली साधी स्प्लेंडरसुद्धा त्यात बसत नाही! कॅरिअर मजबूत आहे, नळीत बसतंय, पण गाडी म्हणतेय मला झेपणार नाही. म्हणूनच तिकडे हे कॅरिअर पिक-अप ट्रक आणि मोठ्या एसयूव्हीला शोभतं. तुमचे कोणी नातेवाईक तिकडे असतील आणि त्यांना हौसेची डर्ट बाईक न्यायची असेल, तर त्यांनाही हेच पान भरायला सांगा.

लटकलेलं वजन जास्त का भरतं?

हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. लहानपणी सी-सॉवर बसलेल्या कोणालाही कळेल. पाण्याची भरलेली बादली छातीशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा भरून येतो.

गाडीत मागचा एक्सल म्हणजे सी-सॉचा मधला टेकू. बाईक त्याच्या मागे लटकली की गाडीचं नाक उचललं जातं. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.७ मीटर आहे, आणि बाईक मागच्या एक्सलपासून दीड मीटर मागे आहे. ओझं २४० किलो. तर मागच्या एक्सलवर वाढणारं वजन २४० किलो नाही. ते २४० गुणिले ४.२ भागिले २.७, म्हणजे सुमारे ३७३ किलो. हे जादाचे १३३ किलो कुठून आले? पुढच्या चाकांवरून निघून आले.

म्हणजे पुढची चाकं १३३ किलोंनी हलकी झाली. स्टिअरिंग हलकं लागतं. ब्रेक मारल्यावर पुढची चाकं रस्ता नेहमीसारखा धरत नाहीत. हेडलाइट वर उचलले जातात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातात. पुढच्या चाकांना पॉवर देणारी गाडी असेल, तर घाटात पावसात चाकं फिरायला लागतात. आणि हे सगळं सरळ रस्त्यावर. स्पीडब्रेकरवर तेच २४० किलो उडून परत आपटतात, तेव्हा नळीवर आणि वेल्डिंगवर बसणारा झटका कितीतरी जास्त असतो.

म्हणूनच दोन गोष्टी कधी करू नका. एक, दांडा लांब करण्यासाठी मध्ये एक्स्टेन्शन जोडणं. एक्स्टेन्शन बनवणारे बरेचजण स्वतःच सांगतात की ते लावलं की मर्यादा निम्मी धरा. दोन, गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अंदाजाने हिच बनवून बंपरला वेल्ड करून घेणं. आपले फॅब्रिकेटर हुशार आहेत, हातात कला आहे, वाद नाही. पण त्या वस्तूवर आकडा छापलेला नसतो. तिसरा आणि चौथा आकडा तुम्ही वहीत लिहूच शकत नाही. आणि वेल्डिंग तुटलं, तर २०० किलोंची बाईक मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या अंगावर जाणार आहे. त्या स्कूटरवर कोणीतरी मुलाला शाळेत सोडायला निघालेलं असतं.

आकडे जुळले, तरी हे बघा

समजा पाचही आकडे जुळले. मग कॅरिअर निवडताना या गोष्टी तपासा.

पन्हळीची रुंदी: बाईकचा टायर त्यात नीट बसायला हवा. क्लासिकचा मागचा टायर १२० मिलिमीटर रुंद आहे. डर्ट बाईकसाठी बनवलेल्या अरुंद पन्हळीत मोठ्या बाईकचा टायर वरच तरंगतो.

नळीतला खुळखुळा: दांडा आणि नळी यांत थोडी फट असतेच. ती आवळणारा क्लॅम्प सोबत हवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला बाईक डुलते.

सायलेन्सरचं तोंड: गाडीच्या सायलेन्सरची गरम हवा थेट बाईकच्या टायरवर जात असेल, तर टायर खराब होतो.

जमिनीपासूनची उंची: वजनाने गाडीची मागची बाजू खाली बसते. रिकाम्या गाडीवर कॅरिअर उंच दिसतं, बाईक चढल्यावर तेच स्पीडब्रेकरला घासतं.

दिवे आणि नंबरप्लेट: टेल लाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट यातलं काहीही झाकलं जाता कामा नये.

स्कूटर: आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. हे कॅरिअर मुळात बाईक डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं. स्कूटरला पट्टा अडकवायला पुढचा फोर्क मोकळा मिळत नाही, सगळीकडे प्लास्टिक. प्लास्टिकवरून पट्टा आवळला की पॅनेल तडकतं. तुमच्या गॅरेजला किती स्कूटर येतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पॉलिसीतलं ते पान

आता धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. खासगी कारची विमा पॉलिसी काढा आणि "लिमिटेशन्स अॅज टू यूज" असं लिहिलेला भाग शोधा. वापराच्या मर्यादा. तिथे गाडी कशाकशासाठी वापरली तर विमा लागू नाही, याची यादी असते. त्यात भाडे घेऊन वापर आहे. नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून इतर मालाची वाहतूक आहे. आणि शेवटी, मोटर ट्रेडशी संबंधित कोणताही वापर आहे.

जरा थांबून विचार करा. गिऱ्हाईकाची बाईक, पैसे घेऊन, गॅरेजसाठी उचलायची. यातल्या तिन्ही गोष्टी तुम्ही एकाच फेरीत केल्या! आकडे जुळले असतील, कॅरिअर इंपोर्टेड असेल, ड्रायव्हिंग एक नंबर असेल, तरी अपघात झाला तर कंपनीला नाही म्हणायला कारण तुम्हीच लिहून दिलेलं आहे.

दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीमधल्या कंपनीने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं. परवानगी नसलेले भाग जोडून गाडीत बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आठवत असेल, डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं, तेही याच कलम ५२चा आधार घेऊन. त्यामुळे मागे काहीही जोडण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

तिसरं, पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने माल वाहायला नसते. त्यासाठी पिवळी प्लेट.

"पण सर, सगळे करतात." करत असतील. धंदा मोजताना आपण पकडले जाऊ का, हा प्रश्न नसतो. एका वाईट दिवसाचा खर्च आपल्याला पेलेल का, हा प्रश्न असतो. साधारण दोन लाखांची बाईक, वर कोणाला दुखापत झाली तर तो क्लेम, आणि विमा नाही. तुमचं गॅरेज वर्षभरात जे कमावतं, ते एका संध्याकाळी जाऊ शकतं.

आता वही: खरंच किती बाईक उचलाव्या लागतात?

आमच्या बॅचमधला एक गॅरेजवाला मित्र कॅरिअर बनवून घ्यायला निघाला होता. मी त्याला फक्त एक महिना वही लिहायला सांगितली. फोन आला की चार रकाने भरायचे: तारीख, काय झालं, किती किलोमीटर, आणि शेवटी गाडी कशी आली.

महिन्याअखेर ३१ फोन. त्यातल्या २२ बाईक एकतर जागेवर सुरू झाल्या, म्हणजे पंक्चर, प्लग, क्लच केबल, बॅटरी. नाहीतर सर्व्हिसिंगच्या होत्या आणि मुलगा जाऊन चालवत घेऊन आला. खरोखर उचलून आणाव्या लागल्या अशा ९. म्हणजे ज्याला तो पिक-अप सर्व्हिस म्हणत होता, त्यातलं दोन तृतीयांशापेक्षा जास्त काम एक मुलगा, एक हेल्मेट आणि टूलकिटची पिशवी करत होती.

तुमचा आकडा वेगळा येईल. पण तो तुमच्या वहीतून यायला हवा.

आता ब्रेक-इव्हन काढू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. समजा भाड्याच्या छोट्या टेम्पोची एक फेरी ७०० रुपये. स्वतःची छोटी मालवाहू गाडी असेल, तर इंधन आणि मदतनीस मिळून एका फेरीला ३०० रुपये. म्हणजे स्वतःच्या गाडीने प्रत्येक फेरीला ४०० वाचतात. पण स्वतःची गाडी उभी असली तरी खाते. हप्ता ९,००० रुपये, विमा, टॅक्स, मेंटेनन्स मिळून ३,५००. एकूण १२,५००. १२,५०० भागिले ४०० म्हणजे ३१.२५. महिन्याला ३२ फेऱ्या झाल्या तर स्वतःची गाडी परवडली. ९ फेऱ्यांना ती ८,९०० रुपयांचं नुकसान आहे.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. वहीत ३२च्या खाली असाल, तर गाडी घेऊ नका, टेम्पोवाल्याशी दर ठरवा. दोन टेम्पोवाले ठेवा, म्हणजे एक लग्नाच्या ऑर्डरवर असला तरी दुसरा येतो. दोघांकडून लेखी दर घ्या, पहिल्या १० किलोमीटरचा आणि पुढचा. तीन महिने सलग ३२च्या वर राहिलात, की मग मालवाहू गाडीचा विचार करा, पिवळ्या प्लेटची.

टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५पासून रस्त्यावर आहे आणि जुना बाजारात सहज मिळतो. एस गोल्डचा हौदा सुमारे २,२०० मिलिमीटर लांब आणि १,४९० मिलिमीटर रुंद आहे. क्लासिकची लांबी २,१४५ मिलिमीटर, म्हणजे फाळका बंद करून बसते, पण जेमतेम. फाळका उघडा ठेवून बाईक बाहेर काढायची सवय लावू नका. मर्यादेबाहेर माल बाहेर आला, तर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. वजनाची मात्र इथे चिंता नाही, कारण ओझं एक्सलच्या मागे न लटकता दोन एक्सलच्या मध्ये बसतं, आणि गाडी बनलीच आहे त्यासाठी.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. लायसन्सचं म्हणाल, तर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. फिटनेस, पीयूसी आणि मालवाहू गाडीचा विमा मात्र हवाच. जुनी गाडी घेताना फिटनेस कधी संपतोय, ते आधी बघा.

पहिले पैसे कुठे घालायचे?

टेम्पो भाड्याचा असला, तरी काही वस्तू तुमच्या स्वतःच्या हव्यात. कारण टेम्पोवाल्याकडे दोर असतो आणि हिंमत असते, बाकी काही नसतं.

रॅम्प: लांबी महत्त्वाची. बाईक ढकलायला लागणारा जोर काढायचं सोपं गणित आहे: वजन गुणिले हौद्याची उंची, भागिले रॅम्पची लांबी. हौदा ७० सेंटिमीटर उंच धरला आणि बाईक १९५ किलो, तर दीड मीटरच्या रॅम्पवर सुमारे ९१ किलोंचा जोर लागतो. २.१ मीटरच्या रॅम्पवर ६५ किलो. दोन माणसांना हा फरक कंबरेत कळतो. रॅम्पचं वरचं टोक हौद्याला पट्ट्याने बांधल्याशिवाय चाक वर न्यायचं नाही, नाहीतर अर्ध्यात रॅम्प मागे सरकतो.

रॅचेट पट्टे: चार हवेत, आणि दोन जादा. पट्ट्यावर दोन आकडे असू शकतात. एक तुटण्याचा, दुसरा वापरण्याचा. वापरण्याचा आकडा साधारण तुटण्याच्या एक तृतीयांश असतो. दुकानदार मोठा आकडा सांगेल, तुम्ही लहान बघा.

चाकाचा स्टँड: पुढचं चाक धरून ठेवणारा. हौद्यात नेताना बाईक साइड स्टँडवर उभी करून बांधू नका. सरळ उभी करा.

बांधताना पुढचे दोन पट्टे हँडलच्या ग्रिपला न लावता खाली, फोर्कच्या क्लॅम्पपाशी घ्या. मध्ये कापडी लूप घाला, म्हणजे रंग खरवडत नाही. सस्पेन्शन थोडं दाबलं जाईल इतकंच आवळा, पूर्ण नाही, नाहीतर ऑइल सील जातं. मागचे दोन पट्टे बाईकची शेपटी हलू नये म्हणून. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळायचे. कितीही घाई असू दे.

बाईक तुमच्या ताब्यात आली की जबाबदारीही आली

भारतीय करार कायदा १८७२ मध्ये कलम १४८ ते १५१ वाचा. दुसऱ्याची वस्तू कामासाठी तुमच्या ताब्यात आली, की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी तुम्ही घ्यायला हवी, असं कलम १५१ सांगतं. टेम्पो दुसऱ्याचा होता, हे गिऱ्हाईकाला सांगून चालत नाही.

आणि अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मालवाहू गाडीचा विमा असला, तरी त्या गाडीत चढवलेल्या मालाचं नुकसान त्यात धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळं कव्हर असतं. तुमच्या विमा एजंटला स्पष्ट विचारा, "गिऱ्हाईकाची बाईक माझ्या ताब्यात असताना पडली, तर कोण देणार?" दुसरीकडे, गिऱ्हाईकाच्या बाईकचा पूर्ण विमा चालू असेल, तर रस्त्याने नेताना झालेलं नुकसान त्यात सहसा येतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. म्हणून फोनवरच विचारा की विमा कोणता आहे.

उचलण्याआधी चारी बाजूंनी फोटो, मीटरचा फोटो, आधीचे ओरखडे असतील तर त्यांचा जवळून फोटो. गिऱ्हाईकाला तिथूनच व्हॉट्सअॅप करा: "तुमची गाडी या स्थितीत ताब्यात घेतली." दोन मिनिटांचं काम आहे. पुढे वाद झाला तर हेच दोन मिनिटं कामी येतात, आणि वाद न झाला तरी गिऱ्हाईकाला कळतं की हा माणूस व्यवस्थित आहे. पिक-अप सर्व्हिसमध्ये तुम्ही खरं विकताय ते हेच.

या आठवड्याचा गृहपाठ

कॅरिअर मनात असेल, तर पाच आकड्यांचं पान भरा आणि पॉलिसीतलं ते पान वाचा. दोन्ही झाल्याशिवाय कोणालाही अॅडव्हान्स देऊ नका.

पिक-अप सर्व्हिस मनात असेल, तर उद्या सकाळपासून वही सुरू करा. चार रकाने, ३० दिवस. महिन्याअखेर शेवटच्या रकान्यात "उचलून आणली" किती वेळा लिहिलंय ते मोजा, आणि तुमच्या गावातले दर टाकून ब्रेक-इव्हन काढा. आकडा कॉमेंटमध्ये लिहा. ज्यांचा आकडा ३०च्या वर येईल, त्यांच्यासाठी जुनी मालवाहू गाडी कशी तपासायची, यावर पुढचा व्हिडिओ करतो.